पाठमोरी माणसे : ध्वज, छायाचित्र आणि नावाचा प्रश्न

कलाकृतीत ज्याचे रूप उतरले आहे त्या माणसाचे त्या कलाकृतीकडे काही मागणे असू शकते काय? मराठी समीक्षेत हा प्रश्न मुख्यतः ऐतिहासिक व चरित्रात्मक कादंबरीच्या निमित्ताने विचारला गेला, आणि कलात्मक सत्य विरुद्ध ऐतिहासिक सत्य या ठरीव द्वंद्वात सापडून तो लवकरच निर्जीव झाला. कादंबरीतील इतिहासपुरुषाला नाव आधीच असते. वाद होतो तो त्याच्या स्वभावाविषयी, त्याच्या तोंडी घातलेल्या वाक्यांविषयी. ज्याला नाव मिळालेच नाही, किंवा ज्याच्या देहाला दुसऱ्याचे नाव चिकटवले गेले, अशा माणसाचा प्रश्न तेथे उद्भवत नाही. तो छायाचित्राच्या संदर्भात उद्भवतो. कारण छायाचित्रात माणूस आधी असतो आणि नाव मागाहून येते.

या प्रश्नाकडे जाण्याची जवळची वाट १९४२ सालातून जाते. महायुद्ध चालू असताना त्या वर्षीच्या ऑगस्ट-सप्टेंबरात महाराष्ट्रात ध्वज उभारणे ही कृती प्राणावर बेतणारी झाली होती. ९ ऑगस्टच्या सकाळी, पुढारी पहाटेच पकडले गेले असताना, मुंबईच्या गवालिया टँक मैदानावर अरुणा असफअली यांनी तिरंगा फडकावला. १६ ऑगस्टला वर्धा जिल्ह्यातील आष्टी येथे पोलीस ठाण्यावर ध्वज लावावयास निघालेल्या लोकांवर गोळीबार झाला. त्याच दिवशी चिमूर पेटले. (मारेगाव-वणीच्या पूर्वेस वर्धा नदी ओलांडली की जो चंद्रपूर जिल्हा, तेव्हाचा चांदा जिल्हा, लागतो त्यातलेच हे चिमूर.) ९ सप्टेंबरला एकाच दिवशी दोन ठिकाणी रक्त सांडले. नंदुरबारला मिरवणुकीवर गोळीबार होऊन शिरीषकुमार मेहता हा १५ वर्षांचा मुलगा आणि त्याचे चार सोबती पडले. सातारा जिल्ह्यात वडूजच्या कचेरीवर तिरंगा लावण्यासाठी निघालेल्या मोर्चातील नऊ जण पडले.

यांपैकी कोणताही प्रसंग लोकांच्या स्मरणात राहिला आहे तो छायाचित्रामुळे नव्हे. तो राहिला कथनामुळे : शाळेतल्या धड्यामुळे, प्रभातफेरीमुळे, चौकातल्या स्मारकामुळे. आणि कथनाची स्वतःची एक काटकसर असते. गवालिया टँकच्या वाट्याला एक नाव आले. नंदुरबारच्या वाट्याला एक नाव आणि ‘चार सोबती’. वडूजच्या वाट्याला, सातारा जिल्ह्याबाहेर तरी, बहुधा केवळ आकडा. उलट आज मारेगावसारख्या कोणत्याही तालुक्याच्या ठिकाणी १५ ऑगस्टला तहसील कचेरीपुढे ध्वजारोहण होते तेव्हा छायाचित्र हमखास काढले जाते, आणि त्याखाली ‘डावीकडून’ अशी सुरुवात करून सर्व मान्यवरांची नावे पदांसकट छापली जातात. नावे बिनचूक असतात. ते छायाचित्र दुसऱ्या दिवशी कोणाच्याही स्मरणात नसते. स्मरण आणि अचूक नाव यांचा संबंध वाटतो तितका सरळ नाही, एवढे या दोन टोकांवरून दिसते.

या दोन टोकांच्या मधोमध उभे आहे ते जगातील बहुधा सर्वांत प्रसिद्ध असे युद्धकालीन ध्वजचित्र. ते काढले गेले वडूज-नंदुरबारनंतर अडीच वर्षांनी, त्याच महायुद्धात, पॅसिफिक महासागरातील इवो जिमा नावाच्या जपानी बेटावर. त्यात स्मरण अपूर्व आहे आणि नावे चुकलेली आहेत. ती पुरती दुरुस्त होण्यास ७४ वर्षे लागली. छायाचित्रामागची ही कथा अनेकदा सांगितली गेली आहे. परंतु ती बहुधा चुकीच्या प्रश्नाचे उत्तर म्हणून सांगितली गेली.

अमेरिकी मरीन १९ फेब्रुवारी १९४५ रोजी त्या बेटावर उतरले. बेटाच्या दक्षिण टोकाला सुरिबाची हा ज्वालामुखीचा डोंगर आहे. २३ फेब्रुवारीच्या सकाळी एक तुकडी माथ्यावर पोहोचली व तिने लोखंडी नळीला ध्वज बांधून तो उभा केला. ते छायाचित्र लू लोअरी या मरीन छायाचित्रकाराने घेतले. खालच्या सैनिकांनी जल्लोष केला, जहाजांनी भोंगे वाजवले. उत्सव म्हणावा तो एवढाच. दुपारच्या सुमारास, तो ध्वज लहान दिसतो म्हणून व बटालियनने तो जपून ठेवावा म्हणून, दुसरा मोठा ध्वज वर पाठवण्यात आला. पहिला उतरवायचा आणि त्याच वेळी दुसरा उभारायचा असे ठरले. असोसिएटेड प्रेसचा छायाचित्रकार जो रोझेन्थाल उशिरा वर पोहोचला होता. अधू दृष्टीमुळे सैन्याने त्याला नाकारले होते. उंची कमी असल्याने त्याने दगड व वाळूची पोती रचून त्यांवर उभे राहण्याची सोय केली, तोच कडेने हालचाल जाणवली. त्याने कॅमेरा फिरवून कळ दाबली. आपल्याला काय मिळाले हे त्याला ठाऊक नव्हते. त्याच्या शेजारी उभा राहून बिल जेनॉस्ट हा मरीन त्याच क्षणांचे चलच्चित्रण करीत होता. तो ४ मार्चला त्याच बेटावर मारला गेला.

चित्रफीत ग्वाम बेटावर गेली, तेथे धुतली गेली, बिनतारी यंत्रणेने अमेरिकेत पोहोचली आणि २५ फेब्रुवारीच्या रविवारी असंख्य वृत्तपत्रांच्या पहिल्या पानावर छापली गेली. त्या दिवशी लढाई संपायला जवळजवळ एक महिना उरला होता. ज्या चित्राला पाहणाऱ्यांनी विजयाचे चित्र मानले ते युद्धाच्या पाचव्या दिवसाचे होते, आणि त्यातील सहा माणसांपैकी तिघे पुढल्या महिन्याभरात मरावयाचे होते.

रोझेन्थाल नंतर ग्वामला आला तेव्हा त्याला कोणीतरी विचारले, चित्र माणसांना उभे करून घेतले काय? ध्वज उभारल्यावर त्याने सैनिकांना ध्वजाखाली गोळा करून हात उंचावलेला एक गटफोटो घेतला होता. प्रश्न त्याविषयी आहे असे समजून तो होय म्हणाला. एवढ्यावरून ‘हे चित्र रचलेले आहे’ हा प्रवाद सुरू झाला. टाइम-लाइफच्या बातमीदाराने तो कळवला, आकाशवाणीवरून तो बोलला गेला, नंतर क्षमायाचना झाली. पण २००६ मध्ये मृत्यू येईपर्यंत रोझेन्थालला हेच उत्तर पुन्हा पुन्हा द्यावे लागले. जेनॉस्टचे चलच्चित्रण उपलब्ध असताना हा संशय टिकावा, ही गोष्ट छायाचित्रापेक्षा छायाचित्राकडे पाहणाऱ्यांविषयी अधिक सांगते.

तो संशय केवळ सामान्य वाचकांत टिकला असे नाही. सुसान सोंटाग यांच्यासारख्या मर्मज्ञ लेखिकेनेही ‘रिगार्डिंग द पेन ऑफ अदर्स’ (२००३) या पुस्तकात या छायाचित्राला सकाळच्या ध्वजारोहणाची छायाचित्रकाराने केलेली पुनर्रचना म्हटले. ध्वज दुसरा होता, मोठा होता, वेळ नंतरची होती, हे त्यांचे तपशील खरे आहेत. चूक आहे ती कर्त्यात. देवळाच्या शिखरावरचा लहान कळस उतरवून मोठा कळस चढवला जात असेल, तर दुसरे कळसारोहण हे पहिल्याचे नाटक ठरत नाही; ते दुसरे कळसारोहणच असते, आणि तेथे योगायोगाने आलेल्या चित्रकाराला त्याचा कर्ता म्हणता येत नाही. सैन्याने दुसरा ध्वज पाठवला; रोझेन्थालने तो वर जाताना पाहिला. घटना पुनरावृत्त होती, रचित नव्हती. एखाद्या प्रतिमेचा प्रभाव मोठा असेल तर तिच्यामागे कोणाची तरी योजना असलीच पाहिजे, असा आधुनिक समीक्षकाचा जो एक पूर्वग्रह आहे तो येथे उघडा पडतो. संशय ही समीक्षेची वृत्ती असावी हे खरे. पण संशयालाही पुराव्याचे बंधन असते.

आता याच्या शेजारी बर्लिनचे छायाचित्र ठेवावे. २ मे १९४५ रोजी येवगेनी खाल्देई या सोव्हिएत छायाचित्रकाराने राइशस्टागच्या छपरावर लाल ध्वज लावणारे सैनिक टिपले. इमारत त्यापूर्वीच पडली होती. ध्वज त्याने स्वतः बरोबर नेला होता आणि तो लाल टेबलक्लॉथांच्या कापडाचा शिवून घेतलेला होता. माणसे त्याने निवडली होती. पुढे छपाईसाठी एका सैनिकाच्या दुसऱ्या मनगटावरचे घड्याळ खरवडून काढले गेले, कारण दोन घड्याळे लुटीची खूण ठरली असती, आणि आकाशात धूर दाट करण्यात आला. म्हणजे हे चित्र रचलेले होते, यात वाद नाही. परंतु लक्षात घेण्याजोगी गोष्ट वेगळीच आहे. दीर्घ काळ ते येगोरोव्ह आणि कांतारिया या अधिकृत वीरांचे ध्वजारोहण म्हणून दाखवले गेले. वस्तुतः ध्वज लावणारा सैनिक कोव्हाल्योव्ह नावाचा होता. एक चित्र रचलेले, एक न रचलेले. नावे दोन्हींत चुकलेली. यावरून एवढे निश्चित होते की ‘हे रचलेले आहे काय’ आणि ‘हा कोण आहे’ हे दोन प्रश्न परस्परांपासून स्वतंत्र आहेत. पहिल्याचे उत्तर मिळाले म्हणून दुसरा सुटत नाही. अर्धशतकाहून अधिक काळ चर्चा पहिल्यावर खर्च झाली, याचे कारण पहिला प्रश्न कलेचा वाटतो, आणि दुसरा कारकुनीचा.

तो कारकुनीचा का वाटतो, हे समजण्यासाठी सुरिबाचीच्या छायाचित्राचे रूप पाहिले पाहिजे. तिरपी नळी चौकटीला कर्णरेषेसारखी छेदते. तिच्या बुडाशी ओणवा झालेला एक देह सर्व भार जमिनीत रोवतो आहे. दुसऱ्या टोकाला एकाचे हात नळी सोडून वर गेले आहेत, तिला स्पर्शही करीत नाहीत. या दोन टोकांमध्ये उरलेले चार देह एकमेकांत मिसळले आहेत. मर्ढेकरांच्या परिभाषेत संवाद, विरोध आणि समतोल ही लयतत्त्वाची तिन्ही अंगे येथे एकाच निमिषात हाती लागतात. आणि एकाही माणसाचा चेहरा नीट दिसत नाही. ही उणीव नसून चित्राच्या सामर्थ्याचे मूळ तेच आहे. चेहरा असता तर ते अमुक एका माणसाचे चित्र झाले असते. चेहरा नाही म्हणून ज्या कोणाचा मुलगा युद्धावर गेला होता त्या प्रत्येकाला ते आपले वाटले.

भारतीय काव्यशास्त्रात या व्यापाराला नाव आहे. भट्टनायकाने मांडलेले आणि अभिनवगुप्ताने पुढे नेलेले साधारणीकरण ते हेच. शाकुंतलाच्या पहिल्या अंकात दुष्यंताच्या बाणापुढे पळणाऱ्या हरणाचा अभिनवगुप्त दाखला देतो : प्रेक्षकाला प्रतीत होते ते या हरणाचे, या वनातले, या वेळचे भय नव्हे, देशकालाच्या मर्यादेतून सुटलेले भय. सुरिबाचीवरच्या सहा देहांतून प्रतीत होतो तो असाच देशकालातून सुटलेला उत्साह. म्हणूनच त्याचे तिकीट काढता आले, युद्धकर्जरोख्यांसाठी भित्तिपत्रक काढता आले (१९४५ च्या त्या सातव्या मोहिमेत २६ अब्ज डॉलरहून अधिक रक्कम जमली), आणि शेवटी शिल्प उभारता आले. मात्र एक फरक आहे आणि तो निर्णायक आहे. कालिदासाच्या हरणाला साधारणीकरणाने काही गमवावे लागत नाही, कारण नाटकाबाहेर ते हरीण नाही. छायाचित्रातला माणूस छायाचित्राबाहेरही असतो. त्याला आईबाप असतात, नोंदवहीत क्रमांक असतो आणि मरणाची तारीख असते. रा. भा. पाटणकरांनी ‘सौंदर्यमीमांसे’त लौकिकतावादी व अलौकिकतावादी अशा दोन भूमिकांचा जो ताण दाखवला आहे, त्यातले लौकिकाचे टोक सोडून देण्याची मुभा छायाचित्राला नसते. चित्र कितीही वर उडाले तरी त्याचा एक पाय त्या दिवशीच्या जमिनीत रुतलेला राहतो.

ती जमीन आयरा हेजने सोडली नाही. नळीपासून हात सुटलेला तो. अ‍ॅरिझोनातील पिमा जमातीचा हा तरुण जिवंत परतलेल्यांपैकी होता. एप्रिल १९४५ मध्ये मरीन दलाने सहा नावे ठरवली : स्ट्रँक, सूझली, हॅन्सन, हेज, गॅग्नन आणि नौदलातील वैद्यकीय सेवक ब्रॅडली. नळीच्या बुडाशी ओणवा झालेला तो हँक हॅन्सन, असे जाहीर झाले. हेजला ठाऊक होते की तो हॅन्सन नव्हे, टेक्ससचा हार्लन ब्लॉक आहे. त्याने वॉशिंग्टनला गेल्यावर संबंधित अधिकाऱ्याला ते सांगितले. नावे प्रसिद्ध झाली आहेत, दोघेही मेलेले आहेत, आता गप्प राहावे, असे त्याला बजावण्यात आले. खरोखरच दोघेही १ मार्चला, एकाच दिवशी, मारले गेले होते. त्या अधिकाऱ्याची भूमिका क्रूर नव्हती. ती व्यवहारी होती. एका मृताचा मान काढून दुसऱ्या मृताला द्यायचा, त्यासाठी एका आईला दुसऱ्यांदा रडवायचे, आणि हे सर्व ज्या चित्रात चेहराच दिसत नाही त्यासाठी!

परंतु दुसरीही एक आई होती. वृत्तपत्रात चित्र पाहताच ब्लॉकच्या आईने त्या पाठमोऱ्या आकृतीवरून मुलाला ओळखले होते आणि घरच्यांनी समजूत घातली तरी ती आपल्या म्हणण्यावरून हटली नव्हती. साधारणीकरणाच्या सिद्धान्ताला इतका सरळ छेद क्वचितच कोणी दिला असेल. ज्या चित्रात कोट्यवधी लोकांना ‘कोणाचाही मुलगा’ दिसत होता त्यात तिला तिचा मुलगा दिसला. १९४६ मध्ये हेज मिळेल त्या वाहनाने, काही अंतर पायी, दोन हजार किलोमीटरांहून अधिक प्रवास करून टेक्ससला गेला आणि ब्लॉकच्या वडिलांना त्याने खरे काय ते सांगितले. चौकशी झाली. १९४७ च्या जानेवारीत मरीन दलाने चूक मान्य केली. हेज पुढे दारूत बुडाला व जानेवारी १९५५ मध्ये, वयाच्या ३२ व्या वर्षी, मेला. त्याच्या शोकांतिकेवर बरेच लिहिले गेले आहे. त्या मानाने टेक्ससच्या प्रवासाकडे फार कमी लक्ष गेले. खरे तर त्याच्या आयुष्यातली नैतिक दृष्ट्या सर्वांत स्वच्छ कृती तीच.

उरलेल्या दोन चुका बाहेर यायला खूप काळ गेला. २०१६ मध्ये ठरले की चित्रात ब्रॅडली नाही. त्याच्या जागी मानला गेलेला माणूस सूझली आहे आणि सूझली मानला गेलेला माणूस हॅरोल्ड शुल्ट्झ आहे. २०१९ मध्ये गॅग्ननच्या जागी हॅरोल्ड केलर हे नाव आले. हे शोध हौशी अभ्यासकांनी लावले, तेही पँटची दुमड, शिरस्त्राणाचा लोंबता पट्टा, बोटातली अंगठी असल्या क्षुद्र खुणांवरून. भांडारकर संस्थेने महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीसाठी पोथ्यांतील पाठभेद ज्या चिकाटीने पडताळले, त्याच जातीची ही चिकाटी होय. ब्रॅडली सकाळच्या पहिल्या ध्वजारोहणात होता. गॅग्ननने दुसरा ध्वज डोंगरावर नेला होता. दोघेही तोतये नव्हते. ब्रॅडलीच्या मुलाने २००० साली वडिलांवर व त्यांच्या साथीदारांवर गाजलेले पुस्तक लिहिले, २००६ मध्ये त्यावर चित्रपट आला. त्या पुस्तकातले युद्ध खरे आहे, मैत्री खरी आहे, मौन खरे आहे. केवळ ज्या चौकटीभोवती ते रचले गेले तिच्यात वडील नाहीत.

येथे एक आक्षेप येतो आणि तो हलका नाही. नावे बदलल्याने चित्रात काय बदलले? कर्णरेषा तीच, लय तीच, उत्साह तोच. ते चित्र त्या बेटावर लढलेल्या सर्वांचे आहे, असे म्हणणेही खोटे नाही. मग नावांचा हा खटाटोप म्हणजे कलाकृतीबाहेरची, फार तर अभिलेखागाराची, बाब नव्हे काय?

मराठी वाचकाला या आक्षेपाचे रूप परिचित आहे. नामदेवांच्या गाथेत विष्णुदास नाम्याच्या रचना मिसळल्या आहेत, जनाबाईचे अभंग त्याच गाथेतून हाती आले आहेत. अभंग कोणाचा यावरून त्याचा भक्तिरस कमी-अधिक होत नाही. कीर्तनात उभ्या असलेल्या श्रोत्याला तो फरक पडत नाही. तरीही अभ्यासकांनी पिढ्यान्‌पिढ्या त्या रचना वेगळ्या करण्याचा प्रयत्न केला. तो केवळ संशोधनाचा छंद म्हणून नव्हे. जनाबाईचा अभंग नामदेवांच्या नावे गायला गेला तर अभंगाची हानी होत नाही, जनाबाईची होते. कलाकृतीची हानी आणि माणसाची हानी या दोन गोष्टी एकच मानल्या की आक्षेप बिनतोड वाटतो. त्या वेगळ्या केल्या की तो आपोआप दुबळा होतो. रसाची गरज भागली म्हणून ऋण फिटले असे होत नाही. किंबहुना नाव दुरुस्त करण्याने चित्रात काहीच बदलत नाही, म्हणूनच ती दुरुस्ती निखळ नैतिक कृती आहे. तिच्यातून चित्राला काही मिळत नाही, पाहणाऱ्याला काही मिळत नाही. जे मिळते ते ज्याचे आहे त्यालाच.

वीरगळाचे उदाहरण याविरुद्ध दिले जाईल. महाराष्ट्रातल्या गावोगावच्या वेशीवर व देवळांपाशी जे वीरगळ उभे आहेत त्यांपैकी कितीतरींवर एक अक्षरही नाही. खाली लढणारा वीर, मध्ये अप्सरांसह स्वर्गारोहण, वर शिवलिंगाची पूजा, चंद्रसूर्य. सर्वत्र जवळपास तोच साचा. गावकरी शेंदूर लावतात व त्याला कधी देवही मानतात. तेथे नावाविना स्मरण आहेच ना? आहे; पण वीरगळ साम्याचा दावा करीत नाही. ‘हा अमुक माणूस असा दिसत होता’ असे तो म्हणत नाही. येथे कोणीतरी पडला, एवढेच तो म्हणतो. त्याचे अनामिकत्व प्रामाणिक आहे. छायाचित्र मात्र ‘हाच तो’ असे म्हणते, आणि म्हटल्यावर चुकीचे बोट दाखवण्याचे उत्तरदायित्व त्याच्याकडे येते. नाव न घेणे आणि दुसऱ्याचे नाव घेणे यांत अंतर आहे.

बार्थ यांना हे अंतर दिसायला हवे होते. ‘मायथॉलॉजीज’ (१९५७) मधील त्यांचे सुप्रसिद्ध उदाहरण ध्वजाचेच आहे : ‘पारी-माच’ साप्ताहिकाच्या मुखपृष्ठावर गणवेशातला एक कृष्णवर्णीय मुलगा, वर पाहत, बहुधा फ्रेंच ध्वजाला, सलाम करतो आहे. त्या मुलाचा इतिहास रिकामा करून त्याच्या रूपात साम्राज्याचे मिथक कसे भरले जाते, हे बार्थ यांनी अतुलनीय रीतीने उलगडले. चिन्हमीमांसेच्या प्रत्येक अभ्यासक्रमात ते शिकवले जाते. पण १९५५ च्या त्या मुखपृष्ठावर मुलाचे नाव छापलेले होते : दियूफ. तो आपल्या सोबत्यांसह वागाडूगूहून आला होता, हेही छापले होते. मिथकाने ज्याचा इतिहास पुसला असे बार्थ सांगतात त्याचे नाव साप्ताहिकाने दिले आणि समीक्षकाने गाळले. विश्लेषणासाठी ते लागत नव्हते, हे खरे. मिथकालाही ते लागत नव्हतेच.

हा दोष कॅमेऱ्याचा नाही, हे नंदुरबार पाहिले की पटते. तेथे छायाचित्राने काही लपवले नाही. तरीही हातात ध्वज घेतलेला एकच मुलगा उरला आणि बाकीचे त्याच्या मागे पाठमोरे झाले. मुलींवर बंदूक रोखली गेली तेव्हा शिरीषकुमारने आपली छाती पुढे केली असे सांगितले जाते. कथेला एक छाती पुरते. त्याच्यासोबत लालदास शहा, धनसुखलाल वाणी, शशिधर केतकर आणि घनश्यामदास शहा हे होते. ही नावे नंदुरबारकरांना ठाऊक आहेत, जिल्ह्याच्या इतिहासात आहेत. पण शालेय धड्यातून, भाषणातून आणि १५ ऑगस्टच्या वृत्तपत्रीय लेखांतून ती ‘इतर चार’ होतात. शिरीषकुमारचे मोठेपण त्यामुळे कमी-जास्त होत नाही, आणि त्याला प्रतीक करणाऱ्यांनी काही अपहार केला असेही नाही. मिरवणुकीला एकच ध्वज असतो, तसा कथनालाही एकच ध्वजधारी लागतो. पण ही रूपाची गरज आहे, माणसांची नव्हे, आणि ती माणसांच्या माथी मारताना निदान तसे म्हणावे.

एक अवघड शक्यता मात्र उरते. हॅरोल्ड शुल्ट्झ युद्धानंतर लॉस एंजेलिसला टपाल खात्यात काम करीत राहिला आणि १९९५ मध्ये वारला. आपण त्या चित्रात आहोत हे त्याला ठाऊक असल्याचे दिसते. जेवताना एकदा सावत्र मुलीपाशी तो तसे बोलला होता, आणि तिने कौतुक करताच त्याने तो विषय झटकला. केलर १९७९ मध्ये, काहीही न सांगता, गेला. ज्याने स्वतः मागितले नाही त्याचे मागणे उरते काय? हेजने आपले नाव मागितले नव्हते, ब्लॉकचे मागितले होते. उलट स्वतःचे नाव जाहीर होऊ नये म्हणून त्याने गॅग्ननला धमकावले होते. या माणसांना नावाची हाव नव्हती, हे मान्य केले तरी दुसऱ्याचे नाव आपल्या देहावर राहावे ही त्यांची इच्छा होती, असे त्यावरून सिद्ध होत नाही. शुल्ट्झच्या मौनाचा अर्थ विनय, कंटाळा की मेलेल्यांविषयीचा संकोच, हे ठरवण्याचा अधिकार कोणाला नाही. त्या मौनाच्या आधारे चूक तशीच ठेवण्याचा अधिकार तर नाहीच.

छायाचित्रातील चूक खालची ओळ बदलून दुरुस्त करता आली. शिल्पाचे तसे नाही. वॉशिंग्टनजवळ आर्लिंग्टनला फेलिक्स द वेल्डनने घडवलेले मरीन दलाचे स्मारक १० नोव्हेंबर १९५४ रोजी खुले झाले. ब्राँझच्या आकृती सुमारे ३२ फूट उंच आहेत. शिल्पाला चारही बाजूंनी पाहतात, म्हणून शिल्पकाराला चेहऱ्यांवाचून भागण्यासारखे नव्हते. जे चित्रात दिसत नव्हते ते त्याला बनवावे लागले. मृत तिघांचे चेहरे त्याने त्यांच्या छायाचित्रांवरून घेतले. हेज, गॅग्नन आणि ब्रॅडली हे तिघे त्याच्यापुढे प्रत्यक्ष बसले. सूझलीच्या देहावर ब्रॅडलीचा आणि केलरच्या देहावर गॅग्ननचा चेहरा तेव्हापासून त्या ब्राँझमध्ये आहे, आणि शुल्ट्झचा कोठेच नाही. खालच्या ग्रॅनाइटवर मरीन दलाच्या लढायांची नावे सोनेरी अक्षरांत कोरलेली आहेत. त्या सहा जणांची नावे तेथे पहिल्यापासूनच नव्हती.